सप्रेम भेट नको, उसनी द्या: झाशीतल्या कॉफीच्या टेबलावरून

झाशीला जायचं ठरलं ते एका टोमण्यामुळे. दिवाळीत मी याच ब्लॉगवर ठोकून दिलं होतं की भोपाळ ओलांडल्यावर कॉफीचं नाव काढू नये, तिकडे लोक दुधाच्या फेसावर कोको भुरभुरवतात आणि त्यालाच कॉफी म्हणतात. त्याखाली एक प्रतिक्रिया आली: "ताईजी, आधी झांसीला या, मग लिहा. आमच्या इथे कॉफीसोबत मराठी पुस्तकं पण मिळतात." खाली नाव होतं मृणाल.

आता कॉफी आणि पुस्तकं, दोन्ही एकाच वाक्यात दाखवून कुणी मला डिवचलं तर मी गप्प बसणार आहे का? उलट लिहून विचारलं, तर कळलं की झाशीतल्या काही मराठी घरांची दर महिन्याला एका रविवारी बैठक असते. पेशवाईत कारभारी, पुजारी, शिपाई म्हणून गेलेल्या लोकांची ही घरं, तिथेच रुजलेली. एका कॉफीच्या दुकानात बसून ही मंडळी पुस्तकांची अदलाबदल करतात. मृणालची आत्या, वसुधाताई, ही बैठक चालवतात. मी लगेच जानेवारीअखेरच्या बैठकीचा मुहूर्त धरला. नवरा म्हणाला, "कॉफी प्यायला झाशीला? घरातली संपली का?" त्याच्याकडे लक्ष न देता मी तिकीट काढलं.

नाशिकहून झाशीला थेट गाड्या आहेत. रात्री जेवून बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी उतरता येतं. एक सूचना: थंडीत तिकडे धुकं असतं, गाडी उशिरा पोचते, त्यामुळे पोचल्या दिवशी काही ठरवू नका. दुसरी सूचना: माझ्यासारखी वीस पुस्तकांची बॅग घेऊन जाऊ नका, हमाल तुमच्याकडे बघून स्वतःशीच हसतो.

हो, वीस पुस्तकं. रिकाम्या हाताने जाणं आपल्याकडे बरं दिसत नाही. मी कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एक स्वयंपाकाचं, दोन लहान मुलांची अशी पुस्तकं निवडून घेतली आणि गाडीत वरच्या बर्थवर मांडी घालून प्रत्येकाच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "झाशीच्या वाचकांना सप्रेम भेट." खाली तारीख, सही. इटारसी येईपर्यंत माझी छाती अभिमानाने चांगलीच फुगली होती.

स्टेशनवर मृणाल घ्यायला आली होती. पंचविशीची, विम्याच्या ऑफिसात नोकरी करणारी, भराभर चालणारी मुलगी. बोलायला लागली की दोन शब्द मराठी आणि पुढचे सहा हिंदी. "ताईजी, मला सगळं समझतं, पण बोलायला गेली की हिंदीच निघते," तिने आधीच सांगून टाकलं. मी इलाइट चौराह्याजवळ हॉटेल घेतलं होतं. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी दहापर्यंत, भाडं हजाराच्या थोडं वर. चौराहा म्हणजे ई-रिक्षांचा नुसता गोंगाट, पण जायला-यायला सोयीचं.

त्याच संध्याकाळी पहिली कॉफी झाली, चौराह्यावरच एका माडीवरच्या दुकानात. कॉलेजातली मुलं, गुलाबी दिवे, आणि कोल्ड कॉफीत आइस्क्रीमचा एवढा मोठा गोळा. माझ्या कपाळावरची आठी बघून मृणाल हसली. म्हणाली, "हे तर फोटोवाल्यांसाठी आहे. खरी कॉफी परवा." पण खरं सांगते, दुसऱ्या घोटाला मला ती आवडली. खिडकीतून खालचा चौक दिसत होता. स्वेटर-मफलरमध्ये गुरफटलेली माणसं शेंगदाणे फोडत एकमेकांना हाका मारत होती. या गावात कुणाला कुणाकडे जायची घाई नाही आणि तरी सगळे कुणाकडे तरी निघालेले असतात, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पाहिला. तो पाहाच, मला वेगळं सांगायला नको. दगड उबदार व्हायला लागले की वर तटावर बसा आणि खालचं गाव बघा, एवढंच सांगते. दुपारी वसुधाताईंकडे जेवायला गेलो.

वसुधाताई सत्तरीच्या आहेत. आयुष्यभर मुलींच्या शाळेत हिंदी शिकवलं, घरी मात्र अशी मराठी बोलतात की आपण जरा सावरूनच बसतो. "यावं, बसावं. प्रवासानं शीण आला असेल." ताटात वरण-भात, लिंबू, मेतकूट आणि शेजारी निखाऱ्यावर भाजलेल्या गकरिया, म्हणजे आपल्या बाट्या, आणि वांग्याचं भरीत. या घरात मेतकूट आणि गकरिया कुणाला वेगवेगळ्या प्रांतातल्या वाटत नसाव्यात. मी तिसरी गकरिया मागितली तेव्हा ताई खूश झाल्या.

जेवताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचलेली होती.

"चैत्रात बंगळूरला जातेय, मुलाकडे," त्या म्हणाल्या. "गुडघे आता ऐकत नाहीत. जिना चढवत नाही. अब क्या करें."

"आणि बैठक?" मी विचारलं.

त्यांनी मृणालकडे पाहिलं. मृणाल पटकन उठली आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. आतूनच म्हणाली, "आत्या, मला नाही जमणार. मला बोलता कुठे येतं?"

ताई भात कालवत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "माझं दुसरं काही अडलेलं नाही. घर विकेल, सामान जाईल. एवढी एक बैठक कुणाच्या हातात देऊन जावं, एवढंच राहिलंय." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. माझ्या बॅगेतल्या वीस पुस्तकांची आठवण झाली आणि वाटलं, बरं झालं आणली. यांच्या बैठकीला चांगलं बळ येईल. आपल्याला किती कळतं याची आपल्याला किती खात्री असते, नाही का.

रविवारी सकाळी आधी पोहे-जिलेबी, मग सदर बाजार. छावणीचा हा भाग, रस्ते रुंद, झाडं जुनी. तिथल्या एका बेकरीत ती बैठक भरते. दारातून आत गेलं की समोर पितळी-पोलादी जुनं एस्प्रेसोचं यंत्र, लग्नाच्या मांडवात असतं तसलं, वाफ सोडत फुसफुसणारं. मालक बब्बूभैया, पन्नाशीचे, पोट गल्ल्याला टेकलेलं, आवाज यंत्रापेक्षा मोठा.

"हओ दीदी, आ गईं! वही हैं न जिन्होंने लिखा था कि इधर कॉफी नहीं मिलती?"

माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. त्यांनी स्वतः पेला आणून ठेवला. वर फेस, फेसावर कोको. प्यायले. आता हे लिहिताना मला मान खाली घालावी लागतेय, पण लिहिते: कडाक्याच्या थंडीत, दोन्ही हातांत तो गरम पेला धरून, त्याच्यासारखं सुख नाही. ही कॉफी आहे की नाही यावर वाद घालत बसू नका. बरोबर मटणाचं नाही तर बटाट्याचं पॅटिस घ्या. दोन माणसांचं मिळून दीडशेच्या आत भागतं.

बब्बूभैया रविवारी मागचं लांब टेबल या मंडळींसाठी राखून ठेवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हम भी तो पढ़ते हैं। अक्षर तो वही हैं। आधा समझ में आता है, आधा हम खुद बना लेते हैं।" सध्या त्यांच्याकडे एक मराठी रहस्यकथा आहे. खून कुणी केला ते त्यांनी पहिल्या पन्नास पानांतच स्वतः ठरवून टाकलंय.

हळूहळू सात जण जमले. सर्वांत शेवटी श्रीकांतजी आले. याच जिल्ह्यातल्या, पण लांबच्या टहरौली गावच्या बँकेत कारकून आहेत, तिथेच खोली घेऊन राहतात. सकाळच्या पहिल्या बसने निघाले होते, कानटोपीवर अजून दव होतं. त्यांनी आपली कापडी थैली टेबलावर ठेवली. आतून पुस्तक काढलं, मग पुस्तकाखालून वर्तमानपत्रात बांधलेले हिरवे मटार. पुस्तक वसुधाताईंकडे सरकवलं, मटारही.

मी काही विचारायच्या आत दुसऱ्या बाईंनी थैली उघडली. पुस्तक आणि तिळाच्या वड्या. तिसऱ्यांच्या थैलीत पुस्तक आणि कढीपत्त्याची डहाळी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत या लोकांनी पुस्तकांना लावली आहे! आलेली थैली रिकामी परत जात नाही. शिवाय पुस्तक परत करताना माणसाने त्याबद्दल एक तरी गोष्ट सांगायची. श्रीकांतजी म्हणाले, "मी जी, हे रोज थोडं मोठ्यानं वाचलं. तिकडे मराठी बोलायला कुणी नाही. आपला आवाज ऐकला की बरं वाटतं." कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. फक्त वसुधाताईंनी त्यांच्याकडे मोठ्यातलं मोठं पॅटिस सरकवलं.

मला हे सगळं इतकं आवडलं की माझ्याने राहवेना. मी बॅग टेबलावर घेतली आणि लग्नात आहेराची ताटं मांडावीत तशी वीसच्या वीस पुस्तकं मांडली. "हे आमच्याकडून तुम्हा सगळ्यांना. कायमचं!"

कुणी हात पुढे केला नाही.

वसुधाताईंनी एक पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं, "सप्रेम भेट" वाचलं आणि ते मिटून, जसंच्या तसं माझ्याकडे सरकवलं.

"आपला भाव मोठा आहे," त्या म्हणाल्या. "पण भेट आम्ही घेत नाही जी. राग मानू नये."

राग मानू नये! इतक्या लांबून खांदे मोडून ओझं आणलं, आणि राग मानू नये! माझा चेहरा लाल झाला असणार. मी म्हटलं, "का? पुस्तकं बरी नाहीत का?"

"चांगली आहेत म्हणून तर," ताई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून एक सद्गृहस्थ आले होते. बैठक पाहून भारावले आणि परत गेल्यावर त्यांनी खोकीच्या खोकी पाठवली, प्रत्येक घराला वेगळा संच. मंडळी आनंदली. घरोघरी कपाटं भरली. आणि मग कुणाला कुणाकडून काही आणायचं उरलं नाही. आधी एक महिना बैठक चुकली, मग दुसरा. वर्ष झालं तरी कुणी कुणाचं दार वाजवलं नाही. "भांडण नाही, काही नाही. निमित्तच संपलं. पुस्तकं घरात आली आणि माणसं यायची थांबली. पुस्तकंही तशीच राहिली, कोरी. उसनं असतं तर वाचलं असतं, परत द्यायचं म्हणून. शेवटी मीच दारोदार फिरून एकेक पुस्तक उसनं मागितलं, तेव्हा बैठक पुन्हा बसली."

श्रीकांतजी मान खाली घालून म्हणाले, "त्या वर्षी मी टहरौलीहून आलोच नाही. कशाला येणार?"

सगळं पटत होतं आणि तरी मला वाईट वाटत होतं, अगदी लहान मुलासारखं. मी "जरा बाहेर जाऊन येते" म्हणून उठले.

सदर बाजारात उन्हं छान पडली होती. मी एका लोकरीच्या दुकानासमोर उगाच उभी राहिले. मागून मृणाल आली, हातात दोन कागदी पेले, कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातली फिल्टर कॉफी. मी सांगते, उत्तम होती. रागातसुद्धा उत्तम लागली.

"आत्याला माणसं जायची भीती आहे ताईजी," ती म्हणाली. "मी लहान होती तेव्हा या घरातून त्या घरात पुस्तक मीच पोचवायची. जिथे जाईल तिथे खाऊ मिळायचा, आणि सगळे मराठीत विचारायचे, कशी आहेस, काय शिकतेस. त्या वर्षी कुणीच नाही विचारलं. तेव्हापासून माझी मराठी अशी झाली, लंगडी."

"मग तू चालव ना बैठक."

"मी बोलली तर लोक हसतील."

"श्रीकांतजींवर हसलं का कुणी?"

आम्ही पेले संपवले आणि परत गेलो. बब्बूभैयांनी माझी पुस्तकं टेबलाच्या कडेला नीट रचून ठेवली होती, वर रुमाल टाकून, फेस उडू नये म्हणून.

मी बसले आणि म्हटलं, "भेट नको ना? मग उसनी घ्या."

टेबलावर हालचाल झाली. वसुधाताई मात्र माझ्याकडे रोखून बघत होत्या. शाळेतल्या बाईंची नजर, बरं का, निवृत्तीनंतरही जात नाही. "उसनी दिली की न्यायला यावं लागतं. येणार?"

क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर मी शिकवते त्या कॉलेजच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, घराचा रंग असं सगळं उभं राहिलं. खोटं बोलायला ती जागाच नव्हती. मी विचार करून म्हटलं, "पुढच्या थंडीत. येईन."

"पाहुणे सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या, पण आवाज निवळला होता. मी पेन काढलं. मृणालने एकेक पुस्तक उघडून धरलं आणि मी वीसच्या वीस ठिकाणी "सप्रेम भेट" खोडून वर "उसनं" लिहिलं. माझं ते सुवाच्य अक्षर! निम्म्या पानांवर शाई फाकली. सगळे खो-खो हसत होते आणि आता मीही हसत होते.

मग ताईंनी स्वतःच्या थैलीतून एक जुनं, बांधणी उसवलेलं पुस्तक काढलं. परत थैलीत घातलं आणि थैलीसकट माझ्या हातात दिलं. "हे माझं. आपल्याकडे उसनं."

"पण परत कुणाला द्यायचं?" मी विचारलं. "तुम्ही तर बंगळूरला असणार."

"झाशीचं पुस्तक झाशीत परत द्यायचं. बैठक जी घेत असेल, तिच्याकडे."

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण टेबलावरच्या सगळ्या माना मृणालकडे वळल्या. यंत्रामागून बब्बूभैया ओरडले, "मतलब हमाई मोड़ी के पास!" मोड़ी म्हणजे मुलगी.

मृणाल लाल झाली. तिने आत्याकडे पाहिलं, श्रीकांतजींकडे पाहिलं, मग माझ्या गठ्ठ्यातलं सर्वांत वरचं पुस्तक उचललं. ते उगाच दोनदा उलटं-सुलटं केलं. आणि अगदी हळू, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "मग... हे पहिलं... कुणाला पाहिजे?"

श्रीकांतजींनी हात वर केला. वसुधाताईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने निघाले. जाणाऱ्यांसाठी एवढंच: दोन दिवस पुरतात, तीन काढा. कॉफी तिन्ही ठिकाणी प्या आणि नाकं मुरडू नका. न्यायचीच तर पुस्तकं न्या, पण पहिलं पान कोरं ठेवा.

घरी आल्यावर नवऱ्याने बॅग उचलून पाहिली आणि म्हणाला, "एवढी हलकी? सगळी वाटून आलीस?" मी म्हटलं, उसनी देऊन आले. त्याला समजावून सांगायला संध्याकाळ लागली. शेवटी म्हणाला, "म्हणजे परत जाणार." तेवढं त्याला पहिल्या झटक्यात कळलं.

वैशाखात मृणालचा फोन आला. वसुधाताई बंगळूरला पोचल्या होत्या. "ताईजी, काल बैठक झाली. मी घेतली. एवढ्या उन्हात चार जणं आले. श्रीकांतजी टहरौलीहून आले, तुमचं पुस्तक घेऊन, आंबे घेऊन. मी बोलली. कुणी नाही हसलं. बब्बूभैया हसले, पण ते तर नेहमीच हसतात." संपूर्ण बोलणं मराठीत झालं. मी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, माझ्या ओळखीच्या कुणालाही हे खरं वाटणार नाही.

ताईंनी दिलेलं पुस्तक माझं केव्हाच वाचून झालंय. बैठकीत सांगायची गोष्टही ठरलीय. थैली स्वयंपाकघरात खुंटीला आहे, तिच्यात मनुके न्यायचे की चिवडा, यावर आमच्याकडे रोज वाद होतात. पुस्तक मात्र मी त्या थैलीतच ठेवते, वाचलं की परत तिथेच. कपाटात इतर पुस्तकांच्या शेजारी लावलं तर चार महिन्यांत मला ते माझंच वाटायला लागेल, आणि मग झाशीला मृणालकडे जायचं निमित्तच राहणार नाही.